पांढरा दिवा लागतोय ना? मग पीएस४ भंगारात देऊ नका

ताई, तुम्ही लिहिलंय त्यातलं मला महत्त्वाचं वाटलं ते एवढं: गणपतीत आवराआवर करताना मुलाचा पीएस४ स्लिम (प्लेस्टेशन ४ हे गेमचं मशीन) टीव्हीच्या केबलसकट ओढला गेला. तेव्हापासून बटण दाबलं की बीप वाजतो, दिवा आधी निळा आणि मग पांढरा होतो, पंखा फिरतो, पण टीव्हीवर 'नो सिग्नल'. चिपळूणच्या दुकानात मशीन न उघडताच सांगितलं की मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, गेलाय, आठ-नऊ हजार लागतील, त्यापेक्षा भंगारात द्या. आणि मुलाची चार वर्षांची सेव्ह, म्हणजे गेममधली साठवलेली प्रगती, त्यात अडकली आहे.

देऊ नका. तुमचा बोर्ड जिवंत आहे, असं मी तुमच्या वर्णनावरूनच म्हणतोय. पीएस४ सुरू होताना निळा दिवा लुकलुकतो, आतली सगळी तपासणी पार पडली की तो पांढरा होतो. बोर्डावरची मुख्य चिप गेली असती तर बहुतेक वेळा तो निळ्यावरच अडकला असता किंवा थोड्या वेळाने बंद पडला असता. पांढरा दिवा स्थिर आहे म्हणजे मशीन चालू झालंय, फक्त चित्र बाहेर येत नाहीये. त्यात केबल ओढली गेली होती हे तुम्हीच सांगताय. दहातल्या आठ वेळा तरी अशा वेळी एचडीएमआयचा, म्हणजे टीव्हीची केबल खुपसायचा, पोर्ट मोडलेला निघतो, निदान माझ्या हातून गेलेल्या मशिनांत तरी.

दुकानात जाण्याआधी घरी तीन गोष्टी करा. दुसरी केबल आणि शक्य असेल तर दुसरा टीव्ही लावून बघा. मग मशीन पूर्ण बंद करून पॉवरचं बटण दाबून धरा. एक बीप लगेच वाजेल, साधारण सात सेकंदांनी दुसरा वाजेल, तेव्हा सोडा. हा सेफ मोड. यात चित्र अगदी कमी रिझोल्यूशनचं असतं, त्यामुळे टीव्हीशी नुसता रिझोल्यूशनचा गोंधळ असेल तर इथे चित्र दिसतंच. दिसलं तर कंट्रोलर यूएसबी केबलने जोडून दुसरा पर्याय, रिझोल्यूशन बदलण्याचा, निवडा आणि प्रश्न मिटला. दिसलं नाही तर मोबाईलचा टॉर्च घ्या आणि मागच्या एचडीएमआयच्या खाचेत बघा. मधे एक पातळ काळी जीभ दिसेल, तिच्यावर वरखाली मिळून १९ बारीक सोनेरी पिना असतात. त्या सगळ्या शिस्तीत आपापल्या रांगेत दिसायला हव्यात. एखादी दुमडून शेजारचीला टेकलेली, एखादी आत दबलेली, किंवा जीभच एका बाजूला कललेली दिसली तर दोष सापडला. सुईने, टाचणीने सरळ करायला जाऊ नका. त्या पिना एकमेकींना चिकटल्या की करंट नको तिथे जातो आणि पोर्टच्या मागची एचडीएमआयची चिप उडते, मग काम दुप्पट होतं.

आता मुलाच्या सेव्हबद्दल, कारण माझ्या मते तुमच्यासाठी तेच सगळ्यात मोलाचं आहे. पीएस४च्या हार्ड डिस्कवरचा डेटा त्या मशीनच्या बोर्डाशी बांधलेला असतो. डिस्क कम्प्युटरला जोडून काही वाचता येत नाही, आणि बोर्ड बदलला तर नवा बोर्ड ती डिस्क कोरी करायला सांगतो. म्हणजे 'बोर्ड बदलून देतो' म्हणणारा माणूस चार वर्षं पुसून देतोय, आणि ते तो तुम्हाला सांगणार नाही. म्हणून तुमच्या मुलाने आधी कधी मोबाईलवर रिमोट प्ले (पीएस४चं चित्र मोबाईलवर दाखवणारं ॲप) लावलं असेल तर ते आज रात्रीच उघडा. एचडीएमआय मेलेला असला तरी वायफायवरून चित्र मोबाईलवर येतं. तिथून सेटिंग्जमध्ये ॲप्लिकेशन सेव्ह्ड डेटा मॅनेजमेंट उघडून सगळ्या सेव्ह पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. पेन ड्राइव्ह एफएटी३२ किंवा एक्सफॅट फॉरमॅटचा हवा.

रिमोट प्ले लावलेलं नसेल तर दुसरा उपाय: हार्ड डिस्क काढून घरी ठेवा. स्लिममध्ये हे फार सोपं आहे. मागच्या कोपऱ्यातलं छोटं झाकण सरकवून निघतं, आत एकच स्क्रू असतो, त्याच्या डोक्यावर त्रिकोण, गोल, फुली, चौकोन ही कंट्रोलरची चिन्हं कोरलेली असतात. तो काढला की डिस्क तिच्या पत्र्याच्या चौकटीसकट बाहेर येते. रिपेअरवाला म्हणेल, डिस्क नसली तर टेस्ट कशी करू? करता येते. डिस्क नसलेला पीएस४ सुरू केला की सिस्टम स्टोरेज सापडत नाही असा संदेश टीव्हीवर येतो. तो संदेश दिसला म्हणजे पोर्ट नीट बसला.

मी हे इतकं बजावून सांगतोय कारण माझ्या भाच्याच्या मशीनचं मी उलटं होऊ दिलं. त्याच्या पीएस४ला हाच त्रास होता. आम्ही जवळच्या एका दुकानात टाकला. तीन दिवसांनी मशीन मिळालं, चित्र येत होतं, आम्ही पैसे देऊन आलो. आठवड्याने पुन्हा अंधार. नंतर उघडलं तेव्हा दिसलं की पोर्टच्या आजूबाजूचा बोर्ड तपकिरी झाला होता, प्लास्टिकचा एक कनेक्टर वितळून वाकला होता आणि पोर्ट जुनाच होता. हीट गनने नुसतं भाजून दिलं होतं. गेमची चकती वाचणारा डिस्क ड्राइव्हही दुसऱ्याच मशीनमधला बसवला होता, तो गेम वाचेना, कारण पीएस४मध्ये ड्राइव्हचं सर्किट आणि मदरबोर्ड यांची जोडी कारखान्यातच जुळवलेली असते. दुसऱ्याचा ड्राइव्ह त्याच्या सर्किटसकट आणून लावला तर चालत नाही. भाचा तेव्हा बारा वर्षांचा होता, आणि मी घाई केली नसती तर हे टळलं असतं हे मला अजून बोचतं.

भाजण्याचा हा प्रकार जुना आहे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या गेम मशीनवर दिव्याच्या तीन लाल पाकळ्या पेटायच्या तेव्हा लोक मशीन टॉवेलमध्ये गुंडाळून मुद्दाम तापवायचे, आणि ते दोन-चार दिवस चालायचंही. चिपच्या जोडण्यांतली भेग उष्णतेने तात्पुरती टेकायची, एवढंच. मायक्रोसॉफ्टला शेवटी जुलै २००७ मध्ये त्या दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली आणि १ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली. तेव्हा 'गरम करून देतो' किंवा 'रिफ्लो मारतो' असं कोणी म्हणालं तर मशीन उचलून परत या.

योग्य माणूस कसा ओळखायचा? मोबाईलचं चिप-लेव्हल काम करणारे बघा, 'गेमिंग'ची पाटी नसली तरी चालेल. टेबलावर मायक्रोस्कोप, हॉट एअर स्टेशन आणि बोर्ड खालून तापवणारा प्रीहीटर हवा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या आसपास विचारलं तर असे लोक मिळतात. चिपळूणमध्येही एखादा चांगला मोबाईलवाला असेलच, आधी तिथे चौकशी करा. भाच्याचं मशीन शेवटी ज्याने नीट केलं त्याने मला मायक्रोस्कोपमधून बघायला बोलावलं. जुना पोर्ट निघाल्यावर बोर्डावर पिनांच्या जागा होत्या, प्रत्येक केसाएवढी, आणि त्यातल्या दोन मागच्या ओढाताणीत उखडल्या होत्या. तिथे त्याने तांब्याच्या बारीक तारेने रेषा पुन्हा जोडल्या, वर हिरवा मास्क, म्हणजे तारा झाकणारा लेप, लावून सुकवला, मग नवा पोर्ट बसवला. प्रत्येक पिन मल्टिमीटरने तपासली आणि मगच टीव्हीला जोडलं. दोन हजारांच्या आत काम झालं. तुमच्याकडे पिना उखडल्या नसतील तर याहून कमीत व्हायला हरकत नाही. एचडीएमआय चिपही गेली असेल तर खर्च वाढेल, पण तेव्हाही बोर्ड बदलायची गरज नसते.

देताना चार गोष्टी ठरवून घ्या: जुना पोर्ट परत हवा, मशीनचा सीरियल नंबर पावतीवर लिहून हवा, पोर्टखेरीज काही बदलायचं तर आधी फोन, आणि कामाची निदान महिनाभराची हमी. उघडण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढून ठेवा. कुरिअरने पाठवणार असाल तर एचडीएमआयच्या खाचेत काहीही खुपसून ठेवू नका, बरेच जण धूळ जाऊ नये म्हणून कापूस भरतात.

उघडलंच आहे तर पंखा आणि चिपची उष्णता ओढणारा हीटसिंक साफ करून त्यांच्या मधली थर्मल पेस्ट, म्हणजे चिप आणि हीटसिंकमधला लेप, नवी लावून घ्या. कोकणात दमट हवेत आणखी एक गोष्ट होते, पॉवर सप्लायच्या उबेला झुरळं आत शिरतात आणि तिथेच अंडी घालतात. तसं असेल तर रिपेअरवाल्याला आधीच सांगा, त्याला ते साफ करायला वेळ लागतो. परत आल्यावर मशीन कपाटाच्या बंद कप्प्यात ठेवू नका. परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की प्लगबरोबर एचडीएमआयची केबलही काढा, डिशच्या वायरमधून टीव्हीत आणि टीव्हीतून केबलमार्गे झटका मशीनपर्यंत येतो.

आज टॉर्चने बघून पोर्टचा एक जवळून फोटो काढा आणि इथे टाका, पिना कशा आहेत ते बघून पुढचं सांगतो. आणि मुलाला सांगा, डिस्क शाबूत आहे तोवर त्याचं गेममधलं करिअर कुठे गेलेलं नाही.