शंका-समाधान : मीठफुटी रान आणि वाया गेलेला जिप्सम

प्रश्न : नदीकाठचं काळं रान आहे. वीस वर्षं ऊस आणि खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा घेतलेलं पीक) चालू आहे. बांधाकडेला पांढरं फूल येतं, उगवण विरळ होते. दोनदा जिप्सम टाकला, फरक नाही. प्रमाण वाढवू का?
– एक वाचक, ता. शिरोळ

उत्तर : नका वाढवू. जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) चालतो तो चोपण, म्हणजे मातीच्या कणांना सोडियम चिकटलेल्या जमिनीला. वर पांढरं मीठ आणि खाली माती भुसभुशीत, ही खूण बहुधा क्षारयुक्त, म्हणजे विरघळणारं मीठ साचलेल्या जमिनीची. चोपण रान ओलं असताना चिकट, वाळलं की दगड होतं आणि त्यावर गढूळ पाणी साचून राहतं. काही रानांत दोन्ही दोष असतात, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. ०-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंमी थरांचे नमुने वेगवेगळे तपासून घ्या. विद्युत वाहकता (मातीतल्या क्षारांचं माप) ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आणि सामू (पीएच) ८.५ च्या आत असेल तर क्षारयुक्त. सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम (कणांना चिकटलेल्या सोडियमचा वाटा) १५ टक्क्यांहून जास्त असेल तर चोपण. वाहकतेची ही मर्यादा संपृक्त अर्काची, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची आहे. माती-पाणी १:२.५ धरून मोजल्यास आकडा बराच कमी येतो आणि खराब रानही चांगलं ठरतं. कोणत्या पद्धतीने मोजलं ते विचारून घ्या.

रान चोपण निघालं तरी नुसत्या जिप्समने भागत नाही. त्यातला कॅल्शियम मातीच्या कणावरचा सोडियम हुसकावतो, पण सुटलेला सोडियम पाण्याबरोबर रानाबाहेर गेला पाहिजे. दोन-तीन ठिकाणी पाच फुटी खड्डे घ्या आणि दुसऱ्या दिवशी बघा. पाणी खड्ड्यात वर आलेलं दिसलं, तर पाटपाण्याने भूजल वर चढलंय. ते केशाकर्षणाने, मातीच्या बारीक छिद्रांतून, पृष्ठभागापर्यंत येतं, पाणी उडतं, मीठ मागे राहतं.

तेव्हा आधी निचरा. छिद्रं असलेला पाइप साधारण एक मीटर खोल, सलग उतारात, वर गाळणीचं कापड गुंडाळून टाकतात. कापड नसेल तर काळ्या मातीचा गाळ शिरून पाइप बंद पडतो. तोंड ओढ्यात किंवा मुख्य चरात उघडलं पाहिजे. इथेच बहुतेकांचं अडतं, कारण वाट खालच्या शेतकऱ्याच्या रानातून जाते. शेजाऱ्यांनी मिळून काम काढलं तरच ते टिकतं. निचरा सुरू झाल्यावर बांध घालून पावसाचं पाणी रानात मुरवा, मग एकरी सुमारे २० किलो धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरून ४५-५० दिवसांत, फुलोऱ्याच्या आधी गाडा. पाटपाण्याऐवजी ठिबक केलं नाही तर भूजल पुन्हा चढेल.

प्रश्न : खोडव्याचं पाचट (उसाची वाळलेली पानं) जाळलं तर रान लवकर मोकळं होतं. तोटा काय?

उत्तर : नत्र आणि गंधक धुरात जातं, सेंद्रिय पदार्थ संपतो. सरीआड सरी पाचट ठेवा. प्रत्येक टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकून पाचट मातीला टेकेल असं दाबा, मग पाणी द्या. युरिया वगळला तर कुजवणारे जिवाणू मातीतलंच नत्र ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो.

प्रश्न : चोपण जमिनीत जिप्समऐवजी गंधक?

उत्तर : मातीत चुनखडी असेल तरच. १०० किलो शुद्ध जिप्समचं काम साधारण १९ किलो गंधक करतं, पण जिवाणूंनी त्याचं आम्ल करेपर्यंत काही महिने ओल लागते. कोरड्या रानात गंधक तसंच पडून राहतं.