क्लिअर चिकट राहतोय? आधी थिनर बघा

गाडीच्या बॉनेटवर टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा वरचा पारदर्शक थर) मारून चार दिवस झाले तरी नख रुततंय, हार्डनर कमी पडला का, असं तुम्ही विचारलंय. आणि जाता जाता लिहिलंय, की थिनर बाजारातून सुटं आणलं. उत्तर त्या जाता जातात आहे.

सुटं थिनर बहुधा एनसीचं, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंगाचं असतं. त्यात टोल्युईन, ॲसिटोन यांच्या जोडीला अल्कोहोलही असतात. एनसी रंगाला ती चालतात. टू-केचा हार्डनर मात्र आयसोसायनेट. त्याने क्लिअरमधल्या रेझिनशी जोडी जमवायची, पण मध्ये अल्कोहोल आलं की तो त्याच्याशीच लग्न लावून मोकळा होतो. वरून चकचकीत, आत मऊ. पाण्याचा अंश असला तर वायू सुटून बारीक फोडही येतात. हार्डनर वाढवून हे सुटत नाही.

मला सगळ्यात महागात पडलेली चूक हीच, म्हणून एवढी लांबण. काउंटरवर ‘बधुं सरखुं, चालशे’ (सगळं सारखंच, चालेल) ऐकून डबा भरून घेतला की संपलं. वासावरून काही कळत नाही. आणि रंगाच्या कंपनीच्या तक्रार विभागाने तीनदा बॅच नंबर विचारला. थिनर कुठलं, हे एकदाही नाही! असो. क्लिअर ज्या कंपनीचा, त्याच कंपनीचं सीलबंद पीयू (पॉलियुरेथेन, म्हणजे टू-केचं) थिनर घ्या. सुटं थिनर फवाऱ्याची गन धुवायला ठेवा, आणि डब्यावर मार्करने ‘फक्त धुणे’ असं ठळक लिहा.

थिनर जलद उडणारं घ्यायचं की संथ, हे हवेवर ठरतं. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना जलद थिनर मारलं तर फवारा पत्र्यावर पडेपर्यंत अर्धा सुकतो आणि हात फिरवला की खरखर लागते. तेव्हा संथ थिनर. पावसाळ्यात भानगड वेगळी: जलद थिनर उडताना पत्रा गार करतं, त्यावर दव धरतं आणि एनसी रंग पांढुरका पडतो. त्यासाठी रिटार्डर (उडणं संथ करणारा द्रव) मिळतो, पण तो टू-केत ओतू नका. रिपरिप चालू असेल तर त्या दिवशी काम नको, हे माझं मत; पेंटर लोक हसतील.

प्रमाण डब्यावर असतं तेच पाळा. समजा क्लिअर २ भाग, हार्डनर १ भाग, थिनर १० टक्के. १० टक्के कशाचे, ते आधी वाचा: २०० मिली क्लिअर आणि १०० मिली हार्डनरला क्लिअरचे म्हणाल तर २० मिली, एकूण मिश्रणाचे म्हणाल तर ३०. खुणांचा पारदर्शक कप वापरा. दोन हातांच्या (थरांच्या) मध्ये मास्किंग टेपवर पडलेल्या फवाऱ्याला बोट लावा. तार निघाली तर थांबा, बोट नुसतं चिकटलं तर पुढचा हात मारा.

आता जिवाचं. मी डॉक्टर नाही, पण आयसोसायनेटने एकदा दमा मागे लागला की पुढे थोड्याशा वाफेनेही उसळतो. कापडी मास्क किंवा एन-९५ वाफ अडवत नाही. निदान सेंद्रिय वाफेचा कार्ट्रिज मास्क हवा. बंद जागेत तर बाहेरून हवा पुरवणाराच. टोल्युईनची वाफ ४ अंशांनाही पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडचा जानेवारीही पुरेसा गरम. वाफ जड, जमिनीलगत सरकते. त्यामुळे कूलर, पाण्याची मोटर, देवघरातली समई, सगळं बंद. साधा एक्झॉस्ट फॅनसुद्धा ठिणगी टाकतो. थिनरने हात धुणं सोडा. पातळ नायट्राइल मोज्यावर थिनर सांडलं तर मोजा लगेच बदला. आणि हेडलाइटची काच पुसायला थिनर वापरू नका, ते पॉलिकार्बोनेट असतं, तडे जातात.

तुमच्या बॉनेटचं: दोन दिवस कडक उन्हात ठेवून बघा. तरी नख रुतलं तर घासू नका, सँडपेपर गच्च भरतो. सुट्या थिनरची चिंधी आणि प्लास्टिकचा स्क्रेपर घेऊन, मोकळ्या हवेत, मऊ थर काढा. खालचा रंगाचा थर, म्हणजे बेसही निघेल, निघू द्या. पुट्टी उघडी पडली तर रात्रभर सुकू द्या, तिच्यात थिनर मुरतं. मग ४०० चा पेपर, प्रायमर सरफेसर (रंगाखालचं अस्तर), ८००, बेस आणि शेवटी सीलबंद थिनरचा क्लिअर.