पर्यावरण हा विषय सक्तीचा असूनही मुलांच्या वागण्यात फरक का पडत नाही?

हा विषय मी अकरावी-बारावीला बारा वर्षं शिकवला, तेव्हा या उत्तरात थोडी कबुलीही आहे.

सक्ती जुनीच. पर्यावरणासाठी लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली शाळा-कॉलेजांत हा विषय अनिवार्य करायला सांगितलं. त्याच निकालात थिएटरवाल्यांनी दर खेळाला पर्यावरणाच्या निदान दोन स्लाइड फुकट दाखवाव्यात, असंही होतं. एकदा कानावर घातलं की माणूस सुधारतो, हा समज तेव्हापासूनचा.

आमच्याकडे त्याची झाली प्रकल्पवही. सायबर कॅफेतून छापून आणलेलं ध्रुवीय अस्वल आणि खाली लाल शाईत माझी सही. एकदा तीन वह्यांत ‘स्वतः केलेलं’ एकच सर्वेक्षण निघालं, आकड्यांसकट. तिघांनाही मी ‘अ’ श्रेणी दिली. कोण वाद घालत बसणार!

माझे डोळे उघडले हिवरे बाजारला. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातलं कमी पावसाचं गाव. पोपटराव पवार १९९०च्या सुमारास सरपंच झाले आणि दुष्काळी गाव पाणीदार झालं, हे बहुतेकांना ठाऊक असेल. मला भिडला तो पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला, विहिरींना पाणी किती, हे मोजून ग्रामसभेत मांडतात. आधी माणसं, मग गुरं, उरलं तर शेती. पाऊस कमी झाला की कोणतं पीक घ्यायचं नाही, ते तिथेच ठरतं. ऊस, केळी बंद. शेतीला बोअरही नाही. तिथे आकडा चुकला तर कुणाचं तरी पीक जाईल. माझ्या मुलांचा आकडा चुकला काय नि बरोबर आला काय, वही रद्दीतच जायची.

परत आल्यावर वह्या बाजूला ठेवल्या आणि मुलांना कॉलेजच्या गच्चीवर नेलं. टाकी रोज सकाळी भरून वाहायची. वीस लिटरची बादली ओघळाखाली धरली, पन्नास सेकंदांत भरली. पंप बंद व्हायला पंचवीस मिनिटं, म्हणजे तीस बादल्या, सहाशे लिटर. दोन मुली तो हिशेब घेऊन प्राचार्यांकडे गेल्या. आठवड्यात पंपाला आपोआप बंद होणारा स्विच बसला.

माझ्या बारा वर्षांच्या व्याख्यानांनी एक नळसुद्धा बंद झाला नव्हता. तो स्विच पुढच्या पावसाळ्यात बिघडला, तेव्हा मला काही सांगावं लागलं नाही. नव्या वर्गातला एकजण स्वतःच बादली मागायला आला.