वास आला नाही की दोष मेणालाच लागतो

तुम्ही विचारलंय की घरगुती मेणबत्त्यांच्या व्यवसायात आता वॅक्स टार्ट, म्हणजे वातीशिवायच्या सुगंधी मेणाच्या वड्या, करायला घेतले आहेत, सोबत त्या वितळवायचे वॉर्मरही विकायला ठेवायचे आहेत, तर टीलाइटवर (कपातल्या बुटक्या मेणबत्तीवर) चालणारे घ्यावेत की विजेवरचे, आणि किती डिझाइन ठेवावीत. दुसऱ्याचं उत्तर एका ओळीत देते: दोन ठेवा, फार तर तीन. पहिल्यावर मात्र मला बरंच बोलायचं आहे, कारण या एका वस्तूपायी आम्ही दोघी बहिणी तीन महिने एकमेकींशी धड बोलत नव्हतो.

व्यवसाय आमचा दोघींचा. मेण मी ओतते, खरेदी आणि स्टॉल ताई बघते. टार्ट सुरू केले तेव्हा ताईला एका घाऊक विक्रेत्याकडे टीलाइटचे बर्नर, म्हणजे ज्योतीवरचे वॉर्मर, दिसले. पांढरी चिनी माती, अंगावर पानांची जाळी कोरलेली, वर सुटी वाटी. आत टीलाइट लावला की भिंतीवर पानांच्या सावल्या हलायच्या. देखणे होते, यात वाद नाही. तिने एकदम ७२ नग उचलले. मी म्हटलं, एक आणून आपल्या मेणावर चालवून बघू, मग घेऊ. ती म्हणाली, "भांडं ते भांडं. खाली ज्योत, वर मेण. त्यात बघायचं काय?" मी गप्प बसले. तेव्हा गप्प बसले याचं आजही वाईट वाटतं.

पहिल्याच प्रदर्शनात दोन दिवसांत तिसाच्या वर गेले, प्रत्येकासोबत सहा वड्यांचं पाकीट. तिसऱ्या आठवड्यापासून फोन सुरू झाले. एकीचं म्हणणं, पहिल्या संध्याकाळी एवढा घमघमाट की खिडक्या उघडाव्या लागल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून नुसतं मेण वितळतंय, वास शून्य. दुसरी म्हणाली, वास येतो पण करपल्यासारखा. तिसरीने तर विचारलं, सुगंधाऐवजी नुसता रंग घालता का?

ताईने निकाल दिला: "तुझं तेलाचं प्रमाण चुकतंय." मलाही ते खरं वाटलं. सोया मेणात मी ८ टक्के सुगंधी तेल घालत होते, ते १० केलं. फोन थांबले नाहीत. मग १२ केलं. १२ ला वड्यांच्या पाठीवर तेलाचा घाम सुटायला लागला, पाकिटात भरण्याआधी एकेक वडी टिशूने टिपत बसायचे. आठवडाभर मुरू देत होते, ते दोन आठवडे केलं. तेल ज्यांच्याकडून घेत होते त्यांना तक्रार केली, मग त्यांना सोडून दुसऱ्यांकडून घेतलं. हे सगळं वहीत आहे. या तीन महिन्यांत मी एका गोष्टीकडे बघितलंच नाही: दर वेळी नवी वडी त्याच बर्नरमध्ये जात होती.

शेवटी एका बाई बर्नरच घेऊन आल्या, वर्तमानपत्रात गुंडाळून. वाटीच्या आतल्या कडेला तपकिरी कडं धरलं होतं, व्हार्निशचा जुना डाग असतो तसं चिकट आणि चकचकीत. वाटी उलटी केली तर बुडाला काजळी, बोट फिरवलं की बोट काळं. काजळीचा अर्थ मेणबत्ती करणाऱ्याला सांगावा लागत नाही. ज्योत बुडाला टेकत होती किंवा तिला हवा पुरत नव्हती. इथे दोन्ही होतं.

त्या रात्री मी थर्मामीटर, वजनकाटा आणि पट्टी घेऊन बसले. २० ग्रॅमची एक वडी, नवा टीलाइट, खिडकी बंद. १५ मिनिटांनी मेण ६१ अंशांवर. ३० मिनिटांनी ८४. ४५ मिनिटांनी १०४, आणि मेणाच्या पृष्ठभागावरून अगदी पातळ, निळसर धूर. मी ज्योत विझवली. पट्टीने मोजलं, टीलाइटच्या काठापासून वाटीच्या बुडापर्यंत अंतर फक्त ४ सेंटिमीटर. खालच्या बाजूला हवेसाठी एकही भोक नव्हतं.

आमचं मेण ५० अंशांच्या आसपास वितळतं. त्याच्यावर जितकं तापवाल तितकं तेल लवकर हाकललं जातं. मेण स्वतः उडून जात नाही, उडतं ते तेल, आणि त्यातलेही हलके घटक आधी, म्हणजे लिंबूवर्गीय वगैरे. १०४ अंशांना चार दिवसांचा वास एका संध्याकाळीच संपतो. मग उरतं ते बिनवासाचं मेण, गिऱ्हाईक ते पुन्हा पुन्हा वितळवतं आणि आम्हाला फोन करतं.

टीलाइटची ज्योत एवढीशी दिसते म्हणून माणूस फसतो. त्यात १२ ते १५ ग्रॅम मेण असतं आणि ते साधारण चार तासांत जळतं. हिशेब केला तर ती एवढीशी ज्योत ३५ ते ४५ वॅट उष्णता देते. भिंतीच्या प्लगवर लावायच्या छोट्या विजेच्या वॉर्मरमध्ये १५ वॅटचा बल्ब असतो. आता दोन्हींच्या वाट्या तेवढ्याच आहेत असं समजा.

समजा कशाला, मी तेही करून बघितलं. ताईच्याच खोलीत तसला १५ वॅटचा प्लगवाला होता. त्याच घाण्यातली वडी त्यात ठेवली. दोन तासांनी ४७ अंश. मधे थोडं वितळलेलं, कडेला लगदा, नाक वाटीत घातलं तर वास. म्हणजे एकच मेण, एकच तेल, एकच दिवस ओतलेलं, आणि एका भांड्यात १०४, दुसऱ्यात ४७. पहिलं गिऱ्हाईक म्हणणार वास टिकत नाही, दुसरं म्हणणार वास येतच नाही. वॉर्मरला यातलं कुणीही नाव ठेवणार नाही. नाव जातं वडीचं.

मी आकडे ताईपुढे ठेवले. तिने वाचले आणि म्हणाली, "मग लोकांना लहान ज्योत लावायला सांग." ३१ नग उरले होते. मी म्हटलं, वाटीसकट यातला एकही आता विकायचा नाही. त्यावर ती जे बोलली ते मला लागलं: "तुझा सुवास कच्चा आहे, म्हणून तू भांड्याला नावं ठेवतेस." तीन महिने तेलात हात घालून बसलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं. म्हणून तुमचा प्रश्न दिसल्यावर मला लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे. नवीन आणि लहान विक्रेत्याने विजेवरचा घ्यावा, आणि त्यातही बल्बवाला न घेता खाली तापणारी प्लेट असलेला घ्यावा. चांगल्या प्लेटमध्ये असा सिरॅमिक घटक असतो की तो तापला की त्याचा विद्युतरोध वाढतो आणि तो आपोआप कमी वीज घेतो, त्यामुळे तापमान एका ठिकाणी थांबतं. ज्योतीला असं थांबणं माहीत नाही. माझ्या मेणाला ६० ते ७० अंश मानवतात. तुमच्या मेणाला काय मानवतं ते तुम्हीच काढायचं, पण एकदा ते कळलं की तेवढंच देणारा वॉर्मर शोधा आणि बाकी सगळ्यांना नाही म्हणा, मग ते कितीही सुंदर असोत.

बल्बवाल्याचा वेगळाच ताप आहे. जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब विजेतला जेमतेम ५ टक्के भाग प्रकाशात देतो, बाकीची उष्णता होते, आणि हा वॉर्मर त्या उष्णतेवरच चालतो. गिऱ्हाइकाचा बल्ब गेला की ते सवयीने एलईडी आणून बसवतं. उजेड छान पडतो, मेण दगडासारखं राहतं, आणि फोन पुन्हा तुम्हाला. कुणी उलटं करतं, २५ वॅटच्या जागी ४० चा बसतो म्हणून बसवतं, ते तर धोक्याचं आहे. बल्बवाला ठेवणारच असाल तर त्याच वॅटचे जास्तीचे बल्बही विकायला ठेवा आणि वॅटचा आकडा वॉर्मरच्या बुडाला चिकटवा. खोक्यावर लिहून उपयोग नाही, खोकं पहिल्याच दिवशी कचऱ्यात जातं.

टीलाइटचाच हवा असेल तर अंतर मोजा. मी नंतर ७ ते ८ सेंटिमीटर अंतराचे तपासले, त्यात मेण ६५ ते ७५ च्या दरम्यान राहिलं. खालून हवा शिरायला आणि वरून बाहेर पडायला वाट हवी. टीलाइट धातूच्या कपातला, चार तासांचाच. आठ तास चालणारा मोठा टीलाइट किंवा एकाच्या जागी दोन, हे लोक करतात, म्हणून ते करू नका असं स्पष्ट लिहून द्या. रिकाम्या वाटीखाली ज्योत लावू नये, हेही.

वाटी आतून ग्लेझ केलेली, म्हणजे काचेसारखा गुळगुळीत थर दिलेली असावी. कच्ची माती तेल पिते, मग तीन महिन्यांपूर्वीचा सुगंध आजच्या सुगंधात येत राहतो. वाटी काचेची असेल तर ती उष्णता सोसणाऱ्या बोरोसिलिकेट काचेची आहे का विचारा. साधी काच तापल्यावर तिच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते आणि गरम-गार झाली की तडकते. वाटीत वडी वितळून वर निदान बोटभर कड रिकामी राहिली पाहिजे. वाटी सुटी असेल तर उत्तम, कारण जुनं मेण काढणं हे गिऱ्हाइकाला सगळ्यात कंटाळवाणं काम वाटतं. लोक गरम मेण बेसिनमध्ये ओततात, सुरीने खरवडतात. मी सांगते: मेण पूर्ण घट्ट होऊ द्या, मग दोन मिनिटं तापवा आणि अंगठ्याने एका कडेला दाबा. अख्खी चकती सरकून बाहेर येते.

तपासणी करायचीच. घाऊक घेण्याआधी तीन नग मागवा, एक नको, कारण एका लॉटमध्येही फरक असतो. तिन्ही सलग चार तास चालवा, दर १५ मिनिटांनी तापमान लिहा. नंतर त्यातला एक महिनाभर घरात रोज वापरा. लाकडी टेबलावर ठेवा आणि खाली डाग पडतो का बघा. वायर जिथे आत शिरते तिथे हात लावून बघा. कुणी म्हणेल एवढा वेळ कुणाला आहे? मी तीन महिने चुकीच्या जागी घालवले, त्यापेक्षा हा एक महिना बराच स्वस्त आहे.

विजेच्या मालाबद्दल आणखी एक. तो ११०-१२० व्होल्टसाठी आहे की २२०-२४० साठी हे आधी बघा, परदेशातून मागवताना ही चूक सर्रास होते. तुम्ही जिथे विकणार तिथलं सुरक्षा प्रमाणपत्र मागा आणि ते त्याच मॉडेलचं आहे ना हे पडताळा. त्यावर स्वतःचं लेबल लावणार असाल तर थांबून विचार करा. अनेक ठिकाणी कायदा लेबल लावणाऱ्यालाच उत्पादक धरतो. मेणबत्तीसाठी काढलेल्या विम्यात विजेची वस्तू बसते का, तेही विचारून घ्या. मी गृहीत धरलं होतं की बसते. बसत नव्हती.

थोडं माझ्याविरुद्धही सांगायला हवं. माझे आकडे माझ्या सोया मेणाचे आहेत. पॅराफिन मेणाचे प्रकार ४६ पासून ६८ अंशांपर्यंत वितळतात, तिथे हिशेब बदलेल. जिथे वीज वारंवार जाते तिथे टीलाइटवाला नाकारून चालणार नाही. घरात पक्षी असतील तर कुठलाच वॉर्मर त्या खोलीत नको, त्यांची फुप्फुसं फार नाजूक असतात, आणि हे गिऱ्हाइकाला विकताना सांगा. आणि ताईचं एक म्हणणं खरं निघालं: लोक आधी डोळ्यांनी घेतात. मी निवडलेला प्लेटवाला वॉर्मर दिसायला साधा, करडा. पहिल्या प्रदर्शनात त्याच्याकडे कुणी वळून बघितलं नाही. दुसऱ्या वेळी मी तो स्टॉलवर चालू ठेवला, वडी घालून, आणि माणसं वासाच्या मागे येऊन विचारायला लागली. पण दिसायला चांगला आणि तापायलाही चांगला, असा शोधायला हवा होता, हे मी मान्य करते. आता आमच्याकडे तसा एक आहे आणि तो शोधला ताईनेच, या वेळी तीन नग आधी घरी आणून.

तेल मी परत ८ टक्क्यांवर आणलंय. वासाच्या तक्रारी जवळजवळ थांबल्या. ज्या येतात त्यांना माझा पहिला प्रश्न एकच असतो, वॉर्मर कुठला?

ते ३१ बर्नर ताईने वाटी काढून नुसते दिवे म्हणून विकले, पानांच्या सावल्यांसाठी, आणि सगळे गेले. वाट्या माझ्याकडे आहेत. नव्या मेणाचे नमुने मी त्यातच ओतते.