आधी दुर्बीण, मग रोबोट

नाकातून दुर्बिणीने कवटीच्या तळाच्या शस्त्रक्रिया करायच्या असतील, तर रोबोटिक शस्त्रक्रियेच्या फेलोशिपमागे आत्ताच लागू नकोस. दा विंची या शस्त्रक्रियेच्या रोबोटची नेहमीची अवजारं ८ मिलिमीटर जाडीची. दुर्बिणीसोबत अशी दोन नाकात मावतील का, तूच सांग. हाड घासायचं ड्रिलही त्यात नाही. घशाच्या गाठींसाठी अमेरिकेत २००९ मध्ये त्याला मान्यता मिळाली खरी, पण तिथं तोंडातून जागा मिळते.

नाकातून कवटीच्या तळाशी जाताना मला उपयोगी वाटतो तो दुर्बीण धरणारा रोबोटिक हात. तो थकत नाही, चित्र हलत नाही. पण कॅरोटिड, म्हणजे मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी फुटली, की रक्ताच्या धारेतून दुर्बीण वाचवत वाट दाखवणारा जोडीदारच लागतो. म्हणून दोघांनी चार हातांनी काम करायचं तंत्र आधी पक्कं कर. गळती बुजवायला नाकाच्या पडद्याचा फ्लॅप, म्हणजे अस्तराचा पदर उचलणंही कॅडेव्हर लॅबमध्येच, मृतदेहावर सराव करून शिकून घे. मेंदूतलं पाणी गळायला लागल्यावर शिकायची ती गोष्ट नव्हे.