वाचकांचे प्रश्न : खाडीतली स्वतःची होडी

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही उभयता दाभोळ खाडीच्या काठावरील मूळ गावी राहायला आलो आहोत. लहानपणी वडिलांबरोबर गरी, म्हणजे मासे धरायचा गळ, घेऊन खडकावर बसण्याची सवय होती. आता स्वतःची लहान होडी असावी असे वाटते. सोळा फुटांची फायबरची वापरलेली होडी आणि पंधरा अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन (होडीच्या मागे बाहेरून अडकवायचे) असे एकत्र विकत मिळत आहे. मासे विकायचे नाहीत, घरापुरते मिळाले तरी पुरे. होडी घेताना काय पाहावे, कागदपत्रे कोणती लागतील, आणि अशी होडी खाडीच्या मुखाबाहेर न्यावी का?
— एक वाचक, तालुका गुहागर

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या सगळ्या गोष्टी त्याच्या उत्तरावर ठरतात. सोळा फुटांची, उघडी, एकच इंजिन असलेली होडी ही खाडीची होडी आहे. ती खाडीत वापरायची असे आजच ठरवून घ्या, म्हणजे इंजिन किती ताकदीचे हवे, नांगराचा दोर किती लागेल, घरून केव्हा निघायचे, हे सर्व आपोआप आवाक्यात येईल. तांबोशी, काळुंद्र, बोय, शिंगाळा आणि नशीब असेल तर जिताडा, ज्याला आपल्या दक्षिणेला सिंधुदुर्गात आणि गोव्यात चोणक म्हणतात, हे सगळे मासे खाडीतच गरीला लागतात. घरापुरत्या माशांसाठी मुखाबाहेर जाण्याची गरज नाही.

मुखाशी धोका का असतो, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे. ओहोटीचे पाणी वेगाने बाहेर जात असते आणि त्याच वेळी समुद्राच्या लाटा आत येत असतात. दोन्ही समोरासमोर आले की लाटांमधले अंतर आखडते, त्यांची उंची वाढते आणि त्या उभ्या होऊन फुटू लागतात. त्यातच खाली वाळूचा उथळ पट्टा असेल तर होडीचा तळ टेकून ती आडवी होते आणि पुढची लाट तिला उलटी करते. अंजर्ल्याच्या खाडीत आणि रत्नागिरीजवळ भाट्ये खाडीच्या मुखाशी साचणाऱ्या गाळाबद्दल मच्छीमार वर्षानुवर्षे तक्रार करत आले आहेत, आणि त्यांच्या होड्या आपल्या होडीपेक्षा पुष्कळ मोठ्या असतात. पुढेमागे कधी अनुभवी माणसाला बरोबर घेऊन बाहेर जाण्याचा योग आलाच, तर मुख ओलांडायचे ते भरती पूर्ण होत आलेली असताना, आणि परत यायचे तेही ओहोटीचा जोर नसताना.

भरतीची वेळ काढण्याचा आपल्याकडचा जुना हिशेब आपल्याला कदाचित ठाऊक असेल : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे सुमारे तीन वाजता भरती पूर्ण आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, एकादशीला सव्वाआठ. खाडीत जितके आत जावे तितकी ही वेळ पुढे सरकते, म्हणून काठावरच्या एखाद्या खांबावर किंवा जेटीच्या पायरीवर पाणी कुठवर आले हे पाहून आपल्या गावापुरता फरक टिपून ठेवावा. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, सहा तासांत पाणी सारख्या गतीने चढत वा उतरत नाही. चढउताराचे बारा भाग धरले तर पहिल्या तासाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या आणि चौथ्याला प्रत्येकी तीन, पाचव्याला दोन आणि सहाव्याला एक असा ढोबळ हिशेब असतो. म्हणजे निम्मे पाणी मधल्या दोन तासांत सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला त्या दोन तासांतला प्रवाह लहान इंजिनाला दम आणतो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाणी संथ असते. नव्या माणसाने आपली सुरुवात भांगालाच करावी.

वाऱ्याचेही असेच वेळापत्रक असते. थंडीत आणि उन्हाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा हलका असतो, पाणी सपाट असते. दुपारी समुद्राकडून येणारा खारा वारा सुरू झाला की रुंद खाडीतही लाटा उठतात. पहाटे निघून साधारण अकराच्या आत काठाला लागणे हा क्रम मी सर्वांना आग्रहाने सांगतो.

आता होडी पाहण्याविषयी. फायबरच्या होडीचा रंग आणि चकाकी यांवर अजिबात जाऊ नका. इंजिन जिच्यावर अडकवतात ती मागची फळी, ट्रान्सम, प्रथम पाहा. बऱ्याच होड्यांत वरून फायबर आणि आत प्लायवूड असते; स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरून आतले लाकूड कुजते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. एक रुपयाचे नाणे घेऊन ती फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकत जा. चांगल्या लाकडावर खणखणीत, टणक आवाज येतो. जिथे आवाज बसका आणि पोकळ होतो, तिथे आत कूज आहे. मग इंजिन थोडे वर उचलून त्याचा खालचा पाय हाताने दाबा आणि त्याच वेळी फळीकडे पाहा. फळी किंचितही हलली, किंवा तिच्या कडेला केसासारखी भेग उघडली, तर ती होडी सोडून द्यावी. तिची दुरुस्ती होते, पण ती खर्चिक असते आणि नीट करणारा कारागीर जवळ असावा लागतो. तळाच्या फळ्यांवरून चालून पाहा. पाय जिथे दबतो तिथेही हाच रोग असतो.

इंजिन विकणाऱ्याने आधी सुरू करून ठेवलेले नको, थंड असताना आपल्यासमोर सुरू करायला सांगा. सुरू झाल्यावर मागच्या लहान छिद्रातून पाण्याची सलग धार पडली पाहिजे. थंड करणारे पाणी फिरते आहे याची ती खूण आहे. धार तुटक असेल तर पाणी खेचणाऱ्या पंपाचा रबरी पंखा झिजला आहे किंवा वाट क्षारांनी बुजली आहे. पंखा बदलणे सोपे आहे, पण धारेशिवाय किती दिवस इंजिन चालवले गेले हा खरा प्रश्न असतो. शेवटी खालच्या पेटीतले गिअर ऑइल थोडे काढून पाहा. ते दुधाळ झाले असेल तर आत पाणी शिरते आहे. सोळा फुटांच्या होडीला पंधरा अश्वशक्ती पुरेशी आहे. त्याहून मोठे इंजिन लावण्याचा मोह कोणी घातला तरी पडू नका.

कागदपत्रांबाबत दोन कार्यालयांत आधी जाऊन या : जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्याकडे आणि महाराष्ट्र सागरी मंडळाच्या जवळच्या बंदर कार्यालयात. यांत्रिक होडीतून मासेमारीसाठी १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाप्रमाणे परवाना लागतो, आणि होडीची नोंदणी कोणत्या प्रकारात करायची हे तिचा वापर काय यावर ठरते. आपला हेतू लेखी अर्जात स्पष्ट लिहावा, म्हणजे पुढे वाद राहत नाही. विकणाऱ्याकडे नोंदणी असेल तर होडीवर रंगवलेला क्रमांक, कागदावरचा क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक एकमेकांशी ताडून पाहा आणि हस्तांतरण पूर्ण झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. २००८ साली मुंबईवर समुद्रमार्गे झालेल्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावरची तपासणी कडक झाली आहे आणि ती योग्यच आहे. कागद आणि ओळखपत्र पाण्यापासून बंद पिशवीत कायम होडीत असावे. पैसे घेऊन पाहुण्यांना फिरवण्याचा विचार मनात आला तर त्यासाठी वेगळी परवानगी आणि तपासणी लागते, त्यात पडू नये. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. माशांच्या विणीचा हा काळ आहे, आणि हौशी माणसाने तर ती बंदी मनापासून पाळली पाहिजे.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगतो. ज्या खाडीत आपण हौसेने जाणार, तिच्यावर भोई, खारवी, दालदी अशा अनेकांची चूल चालते. त्यांच्या जाळ्यांचे बोये, म्हणजे तरंगत्या खुणा, पाण्यावर दिसले की लांबून वळसा घाला. होडी ढकलणाऱ्या पंख्यात जाळे अडकले तर आपला अर्धा दिवस जाईल, पण त्यांचे जाळे फाटेल. पहिल्या आठवड्यात धक्क्यावर जाऊन चार ज्येष्ठ मच्छीमारांना भेटा आणि जाळी कुठे लागतात, खडक कुठे आहेत, हे त्यांनाच विचारा. दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या वाटेत नांगर टाकून बसू नका, आणि खाडीत वर चिपळूणच्या बाजूला गेलात तर तिथे मगरी आहेत हे लक्षात ठेवून हात-पाय पाण्यात सोडू नका.

प्रश्न : माझे चार स्ट्रोकचे छोटे आउटबोर्ड इंजिन गेल्या वर्षीपर्यंत उत्तम चालत होते. आता पंधरावीस दिवस होडी उभी राहिली की ते सुरू होत नाही, झाले तर खाडीच्या मध्यावर बंद पडते. मेकॅनिक म्हणतो, पेट्रोलमध्ये दोष आहे. हे खरे असू शकते का?
— एक वाचक, तालुका दापोली

उत्तर : बहुधा खरे आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि आउटबोर्ड इंजिनांच्या बहुतेक माहितीपुस्तिकांत दहा टक्क्यांपर्यंतचीच मुभा दिलेली असते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. खाडीकाठच्या दमट हवेत, अर्ध्या भरलेल्या टाकीत, हे वेगाने घडते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंजिनाची नळी नेमकी तळातूनच ओढते. शिवाय इथेनॉलमुळे टाकीतला जुना चिकटा सुटून कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, बारीक छिद्रांत अडकतो आणि जुन्या रबरी नळ्या फुगतात. दोन स्ट्रोकच्या इंजिनात धोका अधिक, कारण मिसळलेले तेल वरच्या पेट्रोलबरोबर राहते आणि तळातले तेलविरहित मिश्रण आत गेले तर इंजिन जाम होते.

खात्री करण्यासाठी टाकीच्या तळातून थोडे इंधन नळीने काढून स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्या आणि उजेडात तासभर स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते सर्व इंधन बाद समजा. ते खाडीत किंवा विहिरीजवळ ओतू नका, गॅरेजमध्ये जमा करा. यापुढे एका फेरीला लागेल तेवढेच पेट्रोल आणा. उरलेले, थर न झालेले पेट्रोल घरच्या मोटारसायकलीत वापरून टाका. टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवून घ्या. इंजिन कार्ब्युरेटरचे असेल तर परत आल्यावर गोड्या पाण्याने दहा मिनिटे धुताना इंधनाची नळी काढून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे आत पेट्रोल साचून राहत नाही. इंधनाचा हिशेब मात्र कधीही काटेकोर ठेवू नका : एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी, उरलेले शिल्लक. आणि वल्ही होडीत असलीच पाहिजेत, इंजिन नवे असले तरीही.

प्रश्न : नांगर होडीच्या मागे बांधावा की पुढे? मागे बांधला की गरी टाकायला सोयीचे पडते.
— एक वाचक, मालवण

उत्तर : पुढेच, नेहमी पुढेच. मागची बाजू सर्वांत ठेंगणी असते आणि इंजिनाचे वजनही तिथेच असते. प्रवाहात दोर ताणला की ती खाली खेचली जाते आणि काही क्षणांत पाणी आत येते. दोराची लांबी पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट सोडावी, वारा असेल तर सातपट, आणि नांगराला लागून दोनेक मीटर साखळी असावी, म्हणजे नांगर आडवा पडून तळ धरतो. दोर झटकन कापता येईल अशी सुरी हाताशी हवी. तरंगणारे जाकीट अंगात घातलेले असावे, आणि इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधलेली असावी, विशेषतः आपण एकटे असताना. निघताना कुठे जातो आणि किती वाजता येतो हे घरी सांगून निघावे. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आणि सागरी सुरक्षेचा १०९३ फोनमध्ये साठवून ठेवावा.

मालवणात आपल्याला आणखी एक पथ्य आहे : १९८७ साली जाहीर झालेल्या सागरी अभयारण्याच्या हद्दी वन खात्याच्या कार्यालयातून समजून घ्या आणि त्या क्षेत्रात गरी टाकू नका.

प्रश्न : शिंगाळ्याचा काटा हातात घुसला तर होडीत तातडीने काय करावे?
— एक वाचक, तालुका अलिबाग

उत्तर : शिंगाळ्याच्या आणि पाकटाच्या (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) काट्यातले विष उष्णतेने निष्प्रभ होते. जखम स्वच्छ पाण्याने धुऊन, सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश सेल्सिअसपर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावी. वेदना बहुतेक वेळा लक्षणीय कमी होतात. जखमेचा हात बधिर असतो आणि भाजलेले कळत नाही, म्हणून पाण्याची उष्णता दुसऱ्या हाताने तपासावी. थर्मासमध्ये गरम पाणी नेण्याची सवय त्यासाठीच चांगली. पाकटाचा काटा छातीत, पोटात किंवा मानेत घुसला असेल तर तो ओढून काढू नये, तसाच स्थिर ठेवून रुग्णालय गाठावे. हातापायातली जखम लहान असली तरी काट्याचा तुकडा आत राहिला आहे का हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन त्याच दिवशी घ्यावे.