आईसाठी नाही, सिनेमासाठी रडू आलं

"मॅडम, आई गेली तेव्हा माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. आणि परवा रात्री एक सिनेमा बघताना ढसाढसा रडलो. माझ्यात काही बिघडलंय का?"

खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्यांनी विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत; प्रश्न मात्र मी अनेकांकडून ऐकलाय.) गृहस्थ पंचेचाळिशीचे. आईला जाऊन नऊ महिने झालेले. सिनेमा फारसा कुणी पाहिलाही नसेल असा. वडील गेल्यावर भावंडं घर आवरायला जमतात, एवढीच गोष्ट. त्यात थोरला मुलगा कपाटातून वडिलांचा चष्मा काढतो, काचा पुसतो आणि परत ठेवून देतो. त्या प्रसंगाला यांचा बांध फुटला.

"आईच्या शेवटच्या दिवसांत तुम्ही काय करत होतात?"

"धावपळ." हॉस्पिटल, औषधं, बिलं, जागरणं. मग मृत्यूचा दाखला, बँक, नातेवाइकांचे फोन. "ताई नुसती रडत होती. कुणीतरी उभं राहायला हवं होतं ना?" त्याच आठवड्यात ताई सगळ्यांदेखत म्हणाली, "तू दगड आहेस." तेव्हापासून बोलणं बंद.

शोकाचे पाच टप्पे (नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार) त्यांनी वाचले होते आणि आपण एकाही टप्प्यात बसत नाही म्हणून धास्तावले होते. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली ते टप्पे मांडले ते मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठीचं ते वेळापत्रक नव्हे. मला जास्त पटते ती मानसशास्त्रज्ञ मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांची १९९९ची मांडणी. त्यांच्या मते शोकातला माणूस हेलकावे खातो, कधी गेलेल्या माणसाकडे, कधी पुढ्यात पडलेल्या कामांकडे. यांच्या घरात भावंडांनी एकेक टोक वाटून घेतलं होतं. ताईकडे रडणं, यांच्याकडे कागदपत्रं. सिनेमा बघताना मात्र यांना कुणी काही विचारत नव्हतं, कुठे सही करायची नव्हती.

काही जणांचं रोजचं जगणंच महिनोन् महिने ठप्प होतं, त्यांना वेगळे उपचार लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात अशा लांबलेल्या शोकाच्या निदानासाठी किमान सहा महिन्यांची अट आहे. यांची झोप, जेवण, काम सगळं सुरळीत होतं. निदानाची गरज नव्हती.

इथे माझी एक चूक झाली. तोच सिनेमा ताईंना दाखवून बघा, असं मी सुचवलं. त्या आल्या, अर्ध्यातून उठल्या आणि म्हणाल्या, "तुला सिनेमा कळतो, आई नाही कळली." म्हणजे मी भांडणाला नवा विषय पुरवला होता.

पुढच्या भेटीत बरोबर आठ वाजता त्यांचा फोन वाजला. त्यांनी सवयीनं बंद केला. काय होतं विचारल्यावर घुटमळले. "आईच्या रात्रीच्या गोळ्यांचा अलार्म. काढायचा राहून गेलाय."

नऊ महिने?

"हे ताईंना माहीत आहे?"

"तिला काय सांगायचं यात?"

मी यावेळी काहीच सुचवलं नाही. एकदा हात पोळले होते. मध्ये तीन आठवडे गेले. मग त्यांनी सांगितलं, ताई दाखल्याची प्रत मागायला आली होती, तेव्हा अलार्म वाजला. तिनं फोन हातात घेऊन वाचलं. अलार्मला यांनी नाव दिलं होतं, 'आई – पांढरी अर्धी'. बराच वेळ फोन तिच्या हातातच होता. मग तिनं विचारलं, "अर्धीच का? मला वाटायचं एक देतोस." मग गोळीवरून बोलणं सुरू झालं. आई कडू म्हणून थुंकायची तिथपासून शेवटच्या रात्रीपर्यंत. ती रात्र ताईनं पाहिलीच नव्हती. ती घरी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं, आणि तेच तिला सलत होतं.

"मग तुम्ही रडलात?" मी विचारलं.

"नाही. ती रडली. मी गोळ्यांचा तक्ता शोधून दिला तिला."

घराच्या वाटणीवरून दोघांचं अजून जमलेलं नाही. त्यासाठी ते वकिलाकडे जातात, एकाच गाडीतून.